क्रीमच्या डबीतली खेकड्याची नांगी

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "तुझ्या कामाबद्दल बोल, पण जेवणानंतरचं सत्र आहे, लोक झोपतील असं बोलू नकोस." आज श्रीखंड-पुरी खाऊन बसलेल्या माणसांना जागं ठेवणं माझ्या हातात कितपत आहे कोण जाणे. प्रयत्न करते.

बऱ्याच जणांना मी नक्की काय करते हे माहीत नाही. "ती कुठल्याशा कंपनीत केमिस्ट आहे" एवढंच माहीत असतं. मी साबण, शांपू, क्रीम यांच्या कृती बनवते. रुखवतातले पदार्थ करणाऱ्या बाईचं जसं काम असतं, तसंच. काय किती घालायचं, कुठल्या क्रमाने घालायचं, आणि सहा महिन्यांनी ते खराब होणार नाही ना हे बघायचं. फरक एवढाच की रुखवत कोणी चेहऱ्याला लावत नाही.

आजचा विषय मी निवडलेला नाही, तो आपल्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपने निवडलाय. गेल्या दिवाळीच्या आसपास ग्रुपवर एक निरोप फिरत आला होता. त्यात लिहिलं होतं, की तुमच्या फेसवॉशच्या मागे 'डायसोडियम ईडीटीए' असं लिहिलंय का बघा. हे रसायन शरीरातलं कॅल्शियम ओढून घेतं, ते फॉर्मॅलिनपासून बनवतात, त्याने कॅन्सर होतो, आजच फेकून द्या. खाली हात जोडलेले चार-पाच. आपल्यातली एक मैत्रीण बचत गट चालवते, कोरफडीचं क्रीम आणि साबण करते. तिने लगेच मला विचारलं, "तू याच धंद्यात आहेस ना? मी घालू की नको?" मी कामाच्या गडबडीत होते. उत्तर दिलं, "काही होत नाही, घाल बिनधास्त." मग कोणीतरी वाढदिवसाच्या शुभेच्छा टाकल्या आणि विषय संपला.

पण ती गप्प बसणाऱ्यातली नाही, हे तुम्हाला माहीत आहे. रात्री तिचा वेगळा निरोप आला, "बिनधास्त म्हणजे किती? आणि का?" मी त्याचं नीट उत्तर दिलंच नाही. आज ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. हे भाषण म्हणजे तिला द्यायचं राहिलेलं उत्तर आहे.

सर, तुम्हाला आठवत असेल की नाही माहीत नाही. आम्ही आठवीत होतो. तुम्ही वर्गात दोन बाटल्या आणल्या होत्या. एकीत शाळेच्या पत्र्यावरून धरलेलं पावसाचं पाणी, दुसरीत मैदानाच्या कडेच्या हापशाचं. दोन्हींत साबणाचा सारखा कीस टाकलात आणि पहिल्या बाकावरच्या दोघांना बाटल्या हलवायला दिल्यात. पहिली फेसाने भरून गेली. दुसरीत फेस नाही, नुसता दह्याच्या कवडीसारखा पांढरा साका. फळ्यावर तुम्ही दोन शब्द लिहिलेत, सुफेन आणि दुष्फेन. हापशाच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेलं असतं, ते साबणाला धरतं आणि साबण वाया जातो. घरी त्याच पाण्यात डाळ शिजायची नाही म्हणून आई चिमूटभर सोडा टाकायची, तेही तुम्ही त्याच तासाला सांगितलंत.

माझं पुढचं सगळं आयुष्य त्या दुसऱ्या बाटलीत गेलं, असं म्हटलं तरी चालेल. पाण्यातल्या, कच्च्या मालातल्या, भांड्यातल्या धातूंचे सुटे कण पदार्थ बिघडवतात. त्यांना कोणीतरी धरून ठेवावं लागतं. धरून ठेवणाऱ्या या रेणूंना इंग्रजीत 'कीलेटिंग एजंट' म्हणतात. १९२० साली मॉर्गन आणि ड्र्यू या दोन रसायनशास्त्रज्ञांनी हा शब्द घडवला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ खेकड्याची नांगी. कोकणातून आलेले मित्र डेंगा म्हणतील. खेकडा बोट कसं पकडतो ते ज्याने अनुभवलंय, त्याला या रेणूचं काम समजावून सांगायला नको.

आपल्यातले शेतकरी मित्र मघाशी चहाच्या वेळी म्हणाले, "हे फार कठीण असणार, आम्हाला काय कळणार?" अरे, तुम्ही दुकानात जाऊन 'चिलेटेड झिंक' मागता ना? तो तोच शब्द. द्राक्षाला, सोयाबीनला फवारता त्या पुड्यावर बारीक अक्षरांत ईडीटीए लिहिलेलं असतं. जमिनीत जस्त नुसतं टाकलं तर ते मातीत अडकून बसतं. ईडीटीएच्या नांगीत धरलेलं जस्त विरघळलेलं राहतं आणि पिकाला मिळतं. म्हणजे आमच्या आधी हा खेकडा तुमच्या बांधावर पोचलाय.

या ईडीटीएचा जन्म १९३५ चा, जर्मनीतला. फर्डिनंड म्युन्झ नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने तो बनवला. गरज होती कापड रंगवण्याच्या धंद्याची. पाण्यातल्या कॅल्शियममुळे रंग नीट बसत नसे. ते कॅल्शियम धरायला सायट्रिक ॲसिड वापरत, त्याला पर्याय हवा होता. सायट्रिक ॲसिड म्हणजे लिंबातलं आम्ल. तेही धातू धरतं, चिंचेतलं आम्लही धरतं. पितळेची समई आपण चिंचेने घासतो तेव्हा आंबटपणा काळपटपणा सोडवतो आणि सुटलेलं तांबं चिंचेतलं आम्ल धरून ठेवतं. ईडीटीएची पकड मात्र या दोघांपेक्षा पुष्कळ घट्ट. त्याचा एक रेणू धातूच्या एका कणाला सहा बाजूंनी पकडतो.

आता क्रीममध्ये तो काय करतो ते सांगते. तीन कामं.

पहिलं काम सरांच्या बाटलीतलं. साबण किंवा फेसवॉश कठीण पाण्यातही फेसाळावा, साका बसू नये.

दुसरं काम कल्हईचं. आपल्या आज्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवत नसत, ठेवलंच तर कल्हई केलेल्या भांड्यात. नाहीतर ते कळकतं. तांबं पदार्थात उतरतं आणि चव, रंग, सगळं बिघडवतं. क्रीममध्ये तेलं असतात, सुगंध असतो, कधी क जीवनसत्त्व असतं. लोखंडाचा किंवा तांब्याचा अगदी नगण्य अंशही हवेतल्या प्राणवायूशी होणाऱ्या क्रिया वाढवतो. तेल खवट होतं, पांढरं क्रीम पिवळं पडतं, मोगऱ्याच्या वासाला जुन्या पेंडीचा वास येतो. ईडीटीए त्या लोखंडाला आणि तांब्याला पकडून बसतो. क्रीमला आतून केलेली कल्हईच ती.

तिसरं काम सगळ्यांत महत्त्वाचं आणि सगळ्यांत कमी लोकांना माहीत असलेलं. क्रीममध्ये पाणी असतं, आणि जिथे पाणी तिथे जंतू. त्यातले काही जंतू, विशेषतः स्युडोमोनास नावाचा, फार चिवट. त्याच्या अंगाभोवती एक बाहेरचं आवरण असतं. ते आवरण कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या कणांनी एकमेकांना सांधलेलं असतं, भिंतीच्या विटा चुन्याने सांधाव्यात तसं. ईडीटीए त्या सांध्यांतलं कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून घेतो. भिंत खिळखिळी होते आणि क्रीममधला संरक्षक आत शिरून जंतूला मारतो. एकटा ईडीटीए जंतू मारण्यात फार मोठा नाही, पण त्याच्या मदतीमुळे संरक्षक कमी घालून भागतं. डोळ्यांच्या पुष्कळ थेंबांच्या बाटल्यांतही तो असतो, याच कारणासाठी.

हे मला पुस्तकातून माहीत होतं. खऱ्या अर्थाने कळलं ते एका चुकीमुळे. ती चूक मी बाहेर फारशी सांगत नाही, पण इथे सगळे घरचेच आहेत.

नोकरीची सहा-सात वर्षं झाली होती. त्या वेळी मी ज्या कंपनीत होते, तिच्या विक्री विभागाला डबीवर 'ईडीटीए नाही' असं छापायचं होतं. लोकांना आवडतं म्हणाले. मी कृतीतून तो घटक काढला, त्याच्या जागी काहीच घातलं नाही. प्रमाण तरी केवढं? शंभर ग्रॅममध्ये एक दशांश ग्रॅम. नमुने उबदार कपाटात तीन महिने ठेवले. रंग ठीक, वास ठीक. आमच्याकडे आणखी एक चाचणी असते. क्रीममध्ये मुद्दाम जंतू सोडायचे आणि ते किती दिवसांत मरतात ते मोजायचं. ती पुन्हा करायला हवी होती. घाई होती, मी जुन्या कृतीच्या निकालावर भागवलं आणि कागदावर सही केली.

पावसाळ्यात कारखान्यातल्या पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रात बिघाड झाला आणि तो दोन दिवस कोणाच्या लक्षात आला नाही. त्या पाण्याच्या क्रीममध्ये स्युडोमोनास सापडला. जुनी कृती असती तर कदाचित ते निभावलं असतं. नवीन कृतीत जंतू मेले नाहीत, वाढले. गोदामातला माल नष्ट केला. बाजारात गेलेला परत मागवला. सगळ्या डब्या परत आल्या नाहीत.

धडधाकट माणसाच्या अखंड त्वचेला या जंतूने सहसा काही होत नाही. पण डोळ्यात गेला, भाजलेल्या जागेवर लागला, तान्ह्या मुलाच्या किंवा आजारी माणसाच्या अंगावर गेला, तर तो फार वाईट. त्या न आलेल्या डब्यांपैकी एखादी कोणाच्या पाळण्याशेजारी होती का, हा विचार मी पुष्कळ रात्री केलाय. कागदावर सही माझी होती. ज्या घटकाला लोक घाबरत होते तो मी काढला होता, आणि डबी आधीपेक्षा धोकादायक झाली होती.

म्हणून त्या निरोपातल्या आरोपांकडे मी हसून बघत नाही. भीती खोटी असली तरी तिच्यामुळे होणारं नुकसान खरं असतं. एकेक आरोप घेऊ.

पहिला, ईडीटीए कॅल्शियम ओढून घेतो. खरं आहे! तुमच्यापैकी ज्यांनी पन्नाशीत आल्याबरोबर सगळ्या तपासण्या करून घेतल्या असतील, त्यांचं रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतलं असणार. त्या नळीत ईडीटीए असतो. रक्त गोठायला कॅल्शियम लागतं, तो ते धरतो, म्हणून रक्त पातळ राहतं आणि पेशी मोजता येतात. अहवालावर 'नमुना' या शब्दापुढे ईडीटीए लिहिलेलं असतं, घरी जाऊन बघा.

आणि हा गुण जीवघेणाही ठरू शकतो, हेही सांगायला हवं. शिसं अंगात भिनलेल्या रुग्णाला शिरेतून ईडीटीए देतात, पण तो कॅल्शियम आधीच भरलेला, कॅल्शियम डायसोडियम ईडीटीए. तो शिरला की कॅल्शियम सोडतो आणि शिसं पकडून लघवीवाटे बाहेर नेतो. अमेरिकेत २००३ ते २००५ या काळात शिरेतून ईडीटीए दिल्यानंतर रक्तातलं कॅल्शियम घसरून तीन माणसं दगावली, त्यांत दोन लहान मुलं होती. एका दोन वर्षांच्या मुलीला कॅल्शियमवाल्याऐवजी साधं डायसोडियम ईडीटीए दिलं गेलं होतं. नावात एका शब्दाचा फरक. तेव्हा हृदयातले ब्लॉक काढतो, अंगातली विषं काढतो म्हणून कोणी शिरेतून हे द्यायला निघालं, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. हे मी रसायनवाली म्हणून कळकळीने सांगते.

पण शिरेतून देणं आणि गालाला लावणं यात फरक आहे. त्वचा ही फार चांगली भिंत आहे आणि ईडीटीएसारखा पाण्यात रमणारा, विद्युतभार असलेला रेणू तिच्यातून जवळजवळ जातच नाही. अमेरिकेतल्या प्रसाधन घटकांची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञ मंडळाने २००२ साली ईडीटीए आणि त्याच्या क्षारांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात त्वचेतून आत जाण्याचं नोंदलेलं प्रमाण चोवीस तासांत टक्क्याचा एक हजारावा भाग आहे. हे घटक ज्या प्रमाणात प्रसाधनांत वापरले जातात, त्या प्रमाणात सुरक्षित आहेत, असा निष्कर्ष मंडळाने काढला.

त्यावर विश्वास ठेवू नका, हिशोब करा. गणिताच्या बाई समोर आहेत, चुकलं तर सांगतील. क्रीममध्ये ईडीटीए साधारण ०.१ टक्का. दिवसाला दोन ग्रॅम क्रीम लावलं तर त्यात ईडीटीए दोन मिलिग्रॅम. आता धरून चाला की त्वचेने एक कणही अडवला नाही, सगळा आत गेला. कॅल्शियम डायसोडियम ईडीटीए खाण्याच्या पदार्थांतही घालतात, बाटलीतल्या मेयोनीजमध्ये असतो. जागतिक तज्ज्ञ समितीने त्याची रोज आयुष्यभर चालणारी मर्यादा ठरवली आहे, वजनाच्या दर किलोला अडीच मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला दीडशे मिलिग्रॅम. त्यातला जास्तीत जास्त पाच टक्के आतड्यातून रक्तात उतरतो, म्हणजे साडेसात मिलिग्रॅम. आपले दोन मिलिग्रॅम, तेही त्वचेने काहीच अडवलं नाही असं धरून. प्रत्यक्षात ती जवळजवळ सगळंच अडवते. हाडातलं कॅल्शियम क्रीममुळे जाणार असेल, तर त्याआधी पुष्कळ गोष्टी व्हायला हव्यात.

दुसरा आरोप, तो फॉर्मॅलिनपासून बनतो. तो इथिलिनडायअमाइन, फॉर्माल्डिहाइड आणि सायनाइड यांपासून बनतो. निरोप लिहिणाऱ्याला सायनाइडचं माहीत नव्हतं, नाहीतर त्याने तेही लिहिलं असतं! पण बनल्यावर त्या रेणूत ना फॉर्माल्डिहाइड उरतं ना सायनाइड. मीठ सोडियम आणि क्लोरिन यांचं बनलेलं आहे. सोडियम पाण्यात पेटतो, क्लोरिनचा युद्धात विषारी वायू म्हणून वापर झाला. आपण मीठ पानात डाव्या बाजूला वाढून घेतो. मात्र कच्चा माल शुद्ध आहे का, त्यात अशुद्धी किती, हे तपासणं आमचं काम आहे, आणि ते करायलाच हवं.

याच नावामुळे आणखी एक गोंधळ होतो. नुसत्या इथिलिनडायअमाइनची ॲलर्जी काही लोकांना खरोखर असते, पूर्वी ते काही मलमांत घालत. नाव सारखं दिसतं म्हणून त्यांना ईडीटीएही चालणार नाही असं वाटतं. सहसा तसं नसतं. ईडीटीएची स्वतःची ॲलर्जी विरळा. तरीही एखादं क्रीम लावल्यावर खाज आली तर ते थांबवायचं आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे जायचं. दोष कुठल्या घटकाचा हे घरी बसून ठरवू नये.

तिसरा, कॅन्सर. या कुळातला एक वेगळा रेणू आहे, नायट्रिलोट्रायअॅसिटिक ॲसिड, ज्याला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 'कदाचित कर्करोगकारक' या गटात ठेवलंय. ईडीटीए त्या यादीत नाही. भावकीतला एक वाया गेला म्हणून सगळ्या आडनावाला दोष द्यायचा नाही, हे गावात राहणाऱ्या माणसांना मी काय सांगावं.

आता तुम्ही म्हणाल, बाई कंपनीची वकिली करतेय. तेव्हा त्याच्या उण्या बाजूही सांगते. ईडीटीए काही घटकांना त्वचेतून आत शिरायला मदत करू शकतो. म्हणून त्याच तज्ज्ञ मंडळाने कृती बनवणाऱ्यांना सावध केलंय, की एखादा घटक केवळ आत जात नाही म्हणून सुरक्षित ठरला असेल, तर त्याच्याबरोबर ईडीटीए घालताना विचार करा. हे काम ग्राहकाचं नाही, माझ्यासारखीचं आहे. आणि त्याची कोरडी पूड डोळ्यात किंवा श्वासात जाऊ देऊ नये. कारखान्यात आम्ही मास्क आणि चष्मा लावतो.

पण माझी खरी काळजी वेगळीच आहे, आणि ती त्या निरोपात कुठेच नव्हती. चेहरा धुतला की ईडीटीए मोरीतून जातो. पुढे?

जो गुण डबीत उपयोगाचा, तोच नदीत अडचणीचा. तो सहजासहजी कुजत नाही. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातले जंतू त्याला फारसे खात नाहीत. लोखंडाला पकडलेला ईडीटीए उन्हात तुटतो, पण बाकीचा पाण्याबरोबर पुढे जातो. गाळात बसलेले जड धातू पकडून पुन्हा पाण्यात आणण्याचीही त्याची क्षमता आहे. युरोपातल्या नद्यांमध्ये तो सापडू लागला, तेव्हा जर्मनीत १९९१ साली सरकार आणि उद्योग यांच्यात नद्यांमधला ईडीटीए निम्म्यावर आणण्याचा करार झाला. यात क्रीम-साबणांचा वाटा कमी, कागद कारखाने आणि औद्योगिक धुलाई यांचा मोठा. तरी वाटा छोटा म्हणून जबाबदारी नाही असं मला म्हणता येत नाही. आपल्या गावातली गटारं कुठे जातात, हे आपण सगळ्यांनी लहानपणी ओढ्याच्या काठावर बसून बघितलेलं आहे.

म्हणून गेली काही वर्षं मी धुऊन टाकायच्या वस्तूंत पर्याय वापरते. फायटिक ॲसिडचा क्षार आहे. फायटिक ॲसिड भाताच्या कोंड्यात आणि तिळात असतं. ग्लुटॅमिक आम्लापासून बनवलेला एक आहे. चायनीजच्या गाडीवर जो पांढरा मसाला टाकतात, त्याच घराण्यातला. हे पाण्यात गेल्यावर लवकर कुजतात. पकड ईडीटीएपेक्षा सैल असते, म्हणून जास्त घालावे लागतात आणि प्रत्येक वेळी जंतूंची चाचणी नव्याने करावी लागते. आता मी ती चुकवत नाही. पहिल्या खेपेला मी एक पहारेकरी काढून जागा रिकामी ठेवली होती. आता दुसरा उभा राहिल्याशिवाय पहिल्याला सुट्टी देत नाही.

आता तिसऱ्या रांगेतल्या मैत्रिणीसाठी. तू विचारलंस, बिनधास्त म्हणजे किती, आणि का? वही काढ.

एक. आधी पाणी बदल. तू बोअरचं पाणी गाळून वापरतेस, हे मला नंतर कळलं. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला तीनशे मिलिग्रॅम सहज असू शकतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात दोनशेपर्यंत चांगलं म्हटलंय आणि दुसरी सोय नसेल तर सहाशेपर्यंत चालवून घेतलंय. आता हिशोब बघ. एक ग्रॅम डायसोडियम ईडीटीए जेमतेम २७० मिलिग्रॅम कठीणपणा धरू शकतो. तू लिटरला एक ग्रॅम घातलास की त्याच्या सगळ्या नांग्या तुझ्या पाण्यातल्या कॅल्शियमनेच भरल्या. जंतूंची भिंत खिळखिळी करायला उरलं काय? तेव्हा डिस्टिल्ड पाणी आण. पैसे तिथे खर्च कर.

दोन. क्रीममध्ये डायसोडियम ईडीटीए ०.१ टक्का पुरे, ०.२ च्या वर जायचं कारण नाही. शंभर ग्रॅम क्रीमला शंभर मिलिग्रॅम. अंदाजाने चिमूट नाही, सोनाराकडे असतो तसा छोटा काटा घे. आधी पाण्यात पूर्ण विरघळव, मग तेलाचा भाग मिसळ. साबणाला टेट्रासोडियम घेतात, ते क्षारधर्मी आहे. क्रीममध्ये तेच घातलंस तर आम्लता बिघडेल. नावं पुन्हा वाचून घे.

तीन. साबण धुऊन जाणारा आहे. तिथे कुजणारा पर्याय वापरून बघ, मी मदत करते.

चार. ईडीटीए म्हणजे संरक्षक नव्हे. तो घातला म्हणून संरक्षक वगळायचा नाही, आणि 'कोरफड नैसर्गिक आहे' म्हणूनही नाही. कोरफडीचा गर आपल्याला थंड वाटतो, जंतूंना तो पंगत वाटतो.

पाच. लोखंडी घमेलं, गंजलेला चमचा वापरू नकोस. स्टील घे.

सहा. विकण्यासाठी अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो आणि डबीवर घटकांची यादी लागते. परवान्याच्या कागदांची किचकट वाट आपण दोघी मिळून काढू. यादीत ईडीटीए लिहायला लाजू नकोस. कोणी विचारलं, तर हापशाच्या पाण्याची गोष्ट सांग.

आणि बाकीच्यांनो, डबीच्या मागची यादी वाचत जा, पण नाव लांब आहे म्हणून घाबरू नका. त्यापेक्षा मुदत संपलेली डबी फेका, ओलं बोट डबीत घालू नका, आणि पिवळं पडलेलं, वास बदललेलं क्रीम 'एवढं महाग होतं' म्हणून संपवू नका.

शेवटी सरांना एक सांगायचंय. आपल्या वर्गात आम्ही पंचेचाळीस जण होतो. त्यातली मी एकटी त्या दोन बाटल्यांचं पुढे काही करत राहिले. बाकी कोणी शेती, कोणी बँक, कोणी एसटी, कोणी घर सांभाळलं. पण त्या रात्री "बिनधास्त म्हणजे किती, आणि का" असा निरोप आला, तो तुमच्या वर्गातूनच आला. तुम्ही उत्तरपत्रिकेत नुसतं 'होय' किंवा 'नाही' लिहिलं की शून्य द्यायचा आणि समासात लाल शाईने लिहायचा, "कारण द्या."

मी दिवाळीत कारण न देता उत्तर दिलं होतं. आज दिलंय. गुण तुम्ही ठरवा.